मी फक्त थांबलो होतो

प्रिय बगळ्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला सारलं असशील आणि तुझ्या सुनेने ते पुन्हा तुझ्या हातात दिलं असेल, इतकं मी तुला ओळखतो. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. बातमी मोठी आहे. आपण जिंकलो! म्हणजे जिंकलास तूच, फक्त तुला त्याचा पत्ता नाही.

झालं असं, की वाचनालयाच्या फळ्यावर एक चिठ्ठी लागली होती. आपला वर्गाचा गट ज्या ॲपवर आहे, त्या कंपनीला सत्तरी ओलांडलेली माणसं हवी होती, नवीन सोय करण्याआधी त्यांचं ऐकायला. मी म्हटलं, आपलं ऐकायला कोणी बोलावतंय, जाऊन तर बघू. इस्त्रीचा सदरा घालून गेलो. छोटीशी खोली, टेबलावर फोन, माझी बोटं टिपायला वर एक कॅमेरा, आणि समोर वही घेऊन बसलेली एक चष्मेवाली मुलगी. ती सुरुवातीलाच म्हणाली, "आजोबा, आम्ही तुम्हाला तपासत नाही, ॲपला तपासतोय. चुकलं तर ते आमचं चुकलं." असं वाक्य शाळेत ऐकलं असतं तर माझं गणित सुधारलं असतं रे.

त्यांनी म्हाताऱ्यांसाठी केलं काय होतं? अक्षरं मोठी, आणि आपण दोन शब्द लिहिले की पुढचं वाक्य ॲपच सुचवणार. मी लिहिलं, ‘मी आज’. त्याने पुढे ठेवलं, ‘मजेत आहे’. मी म्हटलं, अगं, मी मजेत नाहीये! ती हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "शेवटचं कधी असं झालं की कुणाला काही लिहायचं होतं आणि ते राहून गेलं?" मला स्वतःचं काही आठवेना. आठवलास तू.

मग मी तिला सगळं सांगितलं. तुझा उजवा हात गेला ते, तू डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधतोस ते. तुझं एक वाक्य होईपर्यंत बाकीच्यांचा विषय गुडघेदुखीवरून नातवंडांवर आणि तिथून हवेवर जातो ते. आणि शेवटी बाईंचं. कवितेच्या बाई शहाण्णवाव्या वर्षी गेल्या त्या दिवशी गटावर सगळ्यांनी दोन-दोन ओळी लिहिल्या. तुझ्या नावाखाली ‘लिहीत आहे’ असं उमटायचं, विझायचं, पुन्हा उमटायचं. अकरा मिनिटं मी ते पाहत होतो. मग ते विझलं ते विझलंच, आणि मी शहाण्याने लिहिलं, ‘बगळ्यालाही फार दुःख झालं आहे, त्याच्याही वतीने आदरांजली.’ सगळ्यांनी नमस्काराचे हात टाकले. पाठोपाठ ती करड्या अक्षरातली ओळ आली, की तू गट सोडलास. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की तू थकला असशील, म्हणून गेलास.

बोलता बोलता माझी गाडी साठ वर्षं मागे गेली. सातवीचा वर्ग, पाठांतराची स्पर्धा. खिडकीतून खडूच्या धुळीत उतरलेलं ते तिरपं ऊन. बाईंचा नियम होता, की एक जण उभा राहिला की तो खाली बसेपर्यंत वर्गात पानही वाजायचं नाही. तू उभा राहिलास, लांब मान वर करून. दोन कडवी अशी म्हणालास की मागच्या बाकावरचेसुद्धा गप्प. तिसऱ्या कडव्याआधी तू थांबलास, आणि मी पुढची ओळ कुजबुजलो. वर्गाला ऐकू जाईल इतकी. सांगितलेल्या ओळीचे गुण गेले, तुझा दुसरा नंबर, माझा पहिला. बाहेर नळावर तू पाणी पिऊन तोंड पुसलंस आणि एवढंच म्हणालास, "मला येत होतं. मी फक्त थांबलो होतो."

बगळ्या, हे वाक्य मी त्या मुलीला सांगितलं आणि माझ्याच कानांनी पहिल्यांदा ऐकलं. दोनदा केलं मी हे तुझ्याशी. एकदा सातवीत, एकदा बाईंच्या जाण्यावर.

चष्मेवालीने ते वाक्य पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीवर चिकटवलं, शंभर चिठ्ठ्यांच्या मधोमध. मला म्हणाली, "आजोबा, आमचं ॲपही तुमच्यासारखंच वागतं. बोट थांबलं की माणूस संपला असं धरतं." पुढचे तीन महिने त्यांनी मला पाच वेळा बोलावलं. वाक्य सुचवणं गेलं. त्याजागी बाईंचा नियम आला! आता गटात कुणीही ‘उभा आहे’ वर बोट ठेवलं की वर एक छोटा माणूस उभा दिसतो. इतरांनी काही लिहिलंच, तर ते तो आपली ओळ पाठवून खाली बसल्यावरच पुढे जातं.

त्यांच्या साहेबांना धाकधूक होती. लोक कंटाळतील, दोन मिनिटांची मर्यादा घाला, म्हणाले. मग परीक्षा झाली. सहा खोल्या, एकमेकांना न ओळखणारे सहा म्हातारे, आणि त्यांतला एक निवृत्त शिंपी, हात थरथरणारा. तो उभा राहिला. दोन मिनिटं झाली, चार झाली. साहेब घड्याळाकडे बघायला लागले. शेजारच्या खोलीतून जन्मभर बस चालवलेल्या एका गृहस्थांचा आवाज आला, "लिहू दे की त्याला! इथे कुणाला गाडी पकडायचीय?" सातव्या मिनिटाला ओळ आली: ‘मी तीस वर्षं नवरदेवांचे कोट शिवले. माझ्या लग्नात मात्र भावाचा घातला, तो बगलेत उसवला.’ सहाही खोल्या एकदम हसल्या, बाबा! साहेबसुद्धा. मर्यादा तिथल्या तिथे गेली. मी मात्र चष्मा पुसत बसलो.

सोमवारपासून ही सोय सगळ्यांच्या फोनवर आली आहे. हे पत्र कागदावर लिहितोय, कारण गटात तू नाहीस, आणि फोन केला असता तर मीच बोलत राहिलो असतो. तुझ्या नावाने मी लिहिलेली ती ओळ पुसून टाकली आहे आणि का पुसली ते सगळ्यांना सांगितलंय. गटाचं आमंत्रण तुझ्या फोनवर आहे, सुनेला विचार. रविवारी दुपारी चारला आम्ही दहाही जण आपापल्या घरी फोन समोर ठेवून बसणार आहोत. बाईंबद्दल त्या दिवशी तुला काय लिहायचं होतं, ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. मला तर मुळीच नाही. उभा राहा. अकरा मिनिटं घे, नाहीतर दिवेलागणीपर्यंत घे. मध्ये थांबलास तरी कुणी हलणार नाही.

पहिल्या बाकावर तोंड मिटून बसलेला,
तुझाच
पोपट