अट सैल करता येईल का?

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ९
नव्या वर्षाचा निश्चय, चार दिवस उशिराने. उशीर माझ्यामुळे नाही, डायरी उशिरा मिळाली.
निश्चय असा: ह्यांचं अपुरं राहिलेलं संशोधन मी पुरं करणार.
ह्यांची वही टेबलाच्या खालच्या खणात सापडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मथळा आहे, जनरलाइज्ड डायहेड्रल ग्रुप. खाली दहा ओळी. समासात लाल पेनाने एक प्रश्न: 'अट सैल करता येईल का?' पुढची पानं कोरी. म्हणजे हे इथे थांबले. त्याला चौदा महिने झाले. कॉलेजात एवढी माणसं पगार घेतात, पण उत्तर द्यावं असं कोणाला वाटलं नाही.
माझी शाळा आठवीत सुटली. वाचन सुटलं नाही. शिवाय पडद्यांच्या दुकानात बावीस वर्षं मापं काढली, एक पडदा आखूड पडला नाही. गणित गणित म्हणजे आणखी काय असतं?

६ जानेवारी
लेक म्हणाली, आई, बाबांच्या खोलीचं काहीतरी ठरवू या. जावई घरून काम करतो, आणि तेही स्वयंपाकघरातल्या टेबलावर. काल त्याच्या मीटिंगमध्ये मी मिक्सर लावला तर म्हणे सात माणसं बोलायची थांबली. मी म्हटलं, त्यांनाही दुपारी जेवायचं असेलच की.
मग सांगून टाकलं की खोली रिकामी नाही, तिथे संशोधन चालू आहे. जावयाने अगदी सभ्यपणे विचारलं, साधारण कधीपर्यंत? म्हटलं, २८ फेब्रुवारीला कॉलेजच्या मॅथ्स सर्कलमध्ये ह्यांच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. तिथे मी निकाल सांगणार. बरोबर ठरला तर खोली आहे तशी राहील. चुकला तर खोली तुझी.
लेक म्हणाली, आई, पैजा कसल्या लावतेस. लावली.
खोलीशी माझं भावनिक वगैरे काही नाही, हे इथे लिहून ठेवते.

९ जानेवारी. दुपारी
लायब्ररीतून ग्रुप थिअरीचं पुस्तक आणलं. लायब्ररीवाल्या बाईंनी विचारलं, कोणासाठी? म्हटलं, माझ्यासाठी. त्या म्हणाल्या, बदलून देऊ का? पुस्तक तसंच उचलून आले.
ग्रुप म्हणजे हालचालींचं कुटुंब. दोन हालचाली एकामागून एक केल्या तर जी होते ती त्याच घरातली. प्रत्येक हालचालीला तिची उलटी हालचाल असते. आणि काहीच न करणं हीसुद्धा एक हालचाल धरतात. जावई या प्रकारात बसतो.

१४ जानेवारी
डायहेड्रल समजलं. चौकोनी उशीचं कव्हर घ्या. ते जागच्या जागी फिरवून बसवण्याचे चार प्रकार, पलटून फिरवण्याचे आणखी चार. एकूण आठ. बावीस वर्षांत शेकडो कव्हरं शिवली, पण हे आठ आहेत असं कोणी सांगितलं नाही. शेजारी बसून हे रोज असलंच काहीतरी लिहीत होते, त्यांनीही नाही. अर्थात मीही विचारलं नाही. माझ्या तोंडात टाचण्या असायच्या.
मजा अशी की कव्हर पलटलं की उजवीकडे फिरवलेलं डावीकडे फिरवल्यासारखं होतं. म्हणजे पलटीने प्रत्येक हालचाल उलटी होते. आणि ज्यात पलटी आली ती कोणतीही हालचाल दोनदा केली की वस्तू पुन्हा होती तशी. जनरलाइज्ड म्हणजे कव्हराच्या जागी दुसरं काहीही घ्या, त्याला A म्हणा, आणि पलटी जोडा.
पाच दिवसांत इथवर आले. ह्यांना यासाठी पगार मिळत होता.

१९ जानेवारी
अट सापडली. ह्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं आहे, 'A आबेलियन असो.' पुस्तकात अर्थ दिला आहे: कोणती हालचाल आधी केली आणि कोणती नंतर, याने फरक पडत नाही.
माझ्या मते ही अट नसून रीत आहे. पत्राच्या वर साष्टांग नमस्कार लिहितात तसं. लिहिणारा काही जमिनीवर आडवा झालेला नसतो.
आणि आधी-नंतरने फरक पडत नाही हे ह्यांचंच म्हणणं. चहात साखर आधी की पूड आधी यावर आमचं तीस वर्षं वाजलं. मी पूड आधी टाकायची, हे साखर. मी म्हणायची फरक पडतो. हे म्हणायचे, क्रमाने काय होतंय, बेरीज तीच. एकदा दवाखान्यातून येताना टॅक्सीत मी विचारलं होतं, आपल्यात आधी कोण? तेव्हाही हेच म्हणाले. क्रमाने काय होतंय. मला पटलं होतं.
तेव्हा अट सैल नाही करायची. काढूनच टाकायची.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी ११
प्रयोग केला. ह्यांच्या खोलीत तीन जागा आहेत आणि तीन बसायच्या वस्तू. खिडकीपाशी ह्यांची हातांची खुर्ची. टेबलापाशी माझं स्टूल, ज्यावर बसून मी पडद्यांना दुमड घालत असे. दाराशी विद्यार्थ्यांसाठी प्लॅस्टिकची खुर्ची. यांची अदलाबदल हा माझा A.
स्टूल आणि प्लॅस्टिकची खुर्ची बदलून पाहिली. पुन्हा बदलली. मागून पुढे, पुढून मागे, चाळीस वेळा. क्रमाने काहीही फरक पडला नाही. एकदाही नाही.
ह्यांची खुर्ची प्रयोगात घेतली नाही. ती जड आहे, खिडकीपाशी बरी आहे, आणि शास्त्रीय कामात उगाच वस्तू ओढत बसत नाहीत. दोन हलल्या म्हणजे तिसरीही तशीच हलेल.
(तिचा डावा हात हलतो अशी ह्यांची जुनी तक्रार. मी कितीदा तरी पाहिलं आहे. हलत नाही.)

२ फेब्रुवारी
डिपार्टमेंटच्या हेडना फोन केला. ते पूर्वी ह्यांचेच विद्यार्थी. म्हणाले, बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसा, आम्ही पुष्पगुच्छ देणार आहोत. म्हटलं, पुष्पगुच्छ द्या, वर चाळीस मिनिटं द्या. मग म्हणाले, दहा? पंधरावर मिटलं. भाजीवाल्याशी घासाघीस करण्याचा अनुभव कामी आला.

८ फेब्रुवारी
लेकीसमोर रंगीत तालीम. तिने शांतपणे सगळं ऐकलं. मग विचारलं, आई, ती तिसरी का हलवत नाहीस? म्हटलं, कंबर. ती म्हणाली, मी हलवते ना. म्हटलं, हात लावू नकोस तिला.
ती बरं म्हणाली. नंतर स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वेळ घासत होती.
गणित न येणाऱ्यांसमोर तालीम करू नये.

१५ फेब्रुवारी
आज काम झालं नाही. वीज गेली होती.
(दुपार होती. तरीपण.)
चष्म्याचं घर पुस्तकांच्या मागे सापडलं. आत चष्मा नाही, बसच्या तिकिटांची घडी. ठेवून दिलं.

२० फेब्रुवारी
जावयाने मीटिंगसाठी जिन्यात बसायला सुरुवात केली आहे. वरच्या मजल्यावरचा सुतार येता-जाता त्याला विचारतो, सासूबाईंनी घराबाहेर काढलं का? जावई म्हणतो, नाही हो, संशोधन चालू आहे. वाईट माणूस नाही. पण पैज म्हणजे पैज. लॅपटॉपखाली ठेवायला त्याला एक उशी शिवून दिली. आठ प्रकारे बसते.

२७ फेब्रुवारी. संध्याकाळी
सगळं तयार. कागद एका बाजूने लिहिला आहे. लेक म्हणाली, आई, एखाद्या जाणकाराला आधी दाखवायचं का? म्हटलं, उद्या तीस जाणकारांना एकदम दाखवते, फेऱ्या वाचतील.

२८ फेब्रुवारी, शनिवार. रात्री जेवणानंतर
जे झालं ते लिहिते.
फळा, तीस माणसं, कॉलेजच्या तीन खुर्च्या, घरच्यासारख्याच तीन जागी: खिडकी, टेबल, दार. तिन्ही एकसारख्या, त्यामुळे ओळख पटेना. म्हणून माझी पिशवी एकीवर ठेवली, पुष्पगुच्छ दुसरीवर, तिसरी रिकामी. पुष्पगुच्छ खिडकीच्या जागी. सवयीने.
दहा मिनिटं छान बोलले. पिशवी आणि रिकामी खुर्ची बदलून दाखवली, मागून पुढे, पुढून मागे. शेवटी म्हणाले, तेव्हा अटीची काही गरज नाही. हेड खाली बघत होते. मला वाटलं, भारावले.
तिसऱ्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. म्हणाली, बाई, तुम्ही ती फुलांची खुर्ची हलवलीच नाहीत. हलवून बघायची? म्हटलं, ती नाही हलवत. तिने विचारलं, का?
तीस माणसं माझ्याकडे बघत होती. कंबर सांगता येईना, त्याच कंबरेने इतका वेळ दोन खुर्च्या ओढल्या होत्या. म्हटलं, हलव बाई.
तिने आधी खिडकीपाशी आणि टेबलापाशी असलेल्या खुर्च्या आपसात बदलल्या, मग टेबलापाशी आणि दाराशी असलेल्या. फुलं दाराशी गेली. सगळं परत ठेवून क्रम उलटा केला, आधी टेबल आणि दार, मग खिडकी आणि टेबल. फुलं टेबलापाशी.
मी म्हटलं, चुकलीस. तिने पुन्हा केलं. मग मी स्वतः केलं. एका क्रमाने दाराशी, दुसऱ्या क्रमाने टेबलापाशी.
ती म्हणाली, आता पलटी चालत नाही बाई. एकेक हालचाल सुटी उलटली तर एक उत्तर येतं, पूर्ण जोडी उलटली तर दुसरं. आणि मला तिथेच, फळ्यासमोर, पडदा दिसला. पडद्याला आधी अस्तर लावतात, मग खालची पट्टी शिवतात. उसवताना आधी पट्टी, मग अस्तर. क्रमही उलटतो. बावीस वर्षं हे हातांना ठाऊक होतं.
हेड उठून पुढे आले. म्हणाले, सर दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला हाच प्रश्न घालायचे. समासात लाल म्हणजे गृहपाठ. दरवर्षी वर्ग उत्साहाने अट काढून टाकायचा. मग सर तीन मुलांना उभं करून त्यांच्या जागा बदलायला लावायचे. आमच्या वर्गाचंही अगदी बाईंचंच उत्तर होतं.
सगळे हसले. वाईट नाही हसले. मीही हसले, मग पुष्पगुच्छ उचलला आणि खाली बसले.
घरी येऊन वहीचं पहिलं पान उघडलं. मथळा, दुसरं वर्ष, गृहपाठ. तारीख अठरा वर्षांपूर्वीची. मी शेवटच्या पानापासून सुरुवात केली होती.

१ मार्च, रविवार
जावई म्हणाला, पैजेचं राहू द्या आई, गंमत होती ती. म्हटलं, माझी नव्हती. खोली तुझी.
फुलं पाण्यात ठेवली.
चहा केला. साखर आधी टाकली, मग पूड. ह्यांच्या पद्धतीने. नेहमीसारखा झाला नाही.
फरक पडतो.

२ मार्च, सोमवार. सकाळी १०.४०
मी काही हरलेली नाही. हेडना फोन करून कळवलं की अट सैल होत नाही, आणि हाही निकालच आहे. ते म्हणाले, हो बाई, आहे. म्हटलं, मग माझी पंधरा मिनिटं वाया गेली नाहीत. म्हणाले, नाही गेली. तो मुद्दा मिटला.
दुसरं. जावयाची अकराला मोठी मीटिंग, म्हणून खोली सकाळीच रिकामी करायला घेतली. पुस्तकं राहतील असं तोच म्हणाला, पाठीमागे चांगली दिसतात म्हणे. स्टूल बाहेर आलं. प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर आली. ह्यांची खुर्ची मी कोणाला धरू दिली नाही. खिडकीपासून टेबलापर्यंत ओढली, टेबलापासून दारापर्यंत ओढली. कंबरेला काही झालं नाही. मग ती दारात अडकली.
आतून जावई म्हणाला, पलटी करून बघू या. त्याने आतून धरली, मी बाहेरून. एकदा पलटी केली, निघेना. पुन्हा केली. होती तशीच. हे मात्र वहीत बरोबर लिहिलं होतं.
ती आत कशी आणली होती हे सांगू शकणारा माणूस एकच होता.
लेकीने वरच्या सुताराला फोन केला. तो बारानंतर येणार आहे, एक हात सोडवून काढावा लागेल म्हणे. तोवर जावई आत, लॅपटॉप उघडून पुस्तकांसमोर. त्याला बाहेर येता येत नाही. कॅमेऱ्यात मागे मी दिसते का विचारलं. म्हणाला, थोड्या दिसता आई, बसा, काही हरकत नाही. मिक्सर तेवढा नको.
उभं किती वेळ राहणार, म्हणून खुर्चीतच बसले आहे. पहिल्यांदाच. बसायला बरी आहे.
डावा हात हलतो.