पाण्यात राहिलेले ठोके

नार्नूर, जि. अदिलाबाद
१८ मार्च १९५७

चि. सौ. रेणुका हिस अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलगी झाली, तू सुखरूप आहेस, हे ऐकून आईनं देवापुढे साखर ठेवली. इकडे कापूस विकून झाला, मिरच्या वाळत घातल्यात. तहसिलीचे कागद आता तेलुगूत येतात, ते मास्तरांकडून वाचून घ्यावे लागतात. उद्धवरावांची नांदेडला बदली झाली ते बरंच झालं म्हणायचं. तिकडे सगळं मराठीत, आणि ओळखीचं कोणी नाही.

बारशाला आईला घेऊन ये म्हणतेस. त्याचं पुढे लिहिते.

तू लिहिलंस, "पाण्याखालच्या माणसाचं वर कोणाला ऐकू येतं का, अक्का? ह्यांना दोष नको देऊ." मलाही तसंच वाटायचं. पैनगंगेच्या पुलाच्या खांबांसाठी नदीच्या तळात लोखंडाच्या पोकळ विहिरी उतरवत होते, त्यातल्या एकीच्या तळाशी अडकलेलं झाड काढायला आपला धोंडीबा गेला. डोक्यावर पितळी टोप, हवेची नळी, कमरेला दोर. झाड सरकून त्याच्या पायावर अन् दोरावर पडलं. दोर ताणलेला बघून वरच्यांना वाटलं, काम चालू आहे. मग वाळू घसरली, अन् तो खालीच राहिला. उद्धवरावांनी आपल्याला एवढंच सांगितलं.

परवा चंपतराव आला होता. त्या दिवशी तोही तिथे पाणबुड्याचं काम करत होता.

"जयवंताबाई, मी पाण्यात होतो तवा लोखंडावर हातोड्याचे ठोके येत होते. पार कानाशी. डोकं वर काढलं की काईच नाई. पाण्यातला आवाज पाण्यातच राह्यते. वरतं वाळू उपसायचं इंजिन धडधडून राह्यलं होतं."

तो तसाच उद्धवरावांकडे धावला, काम त्यांच्याच हुकमानं चालायचं. म्हणाला, "कोनीतरी ठोकून राह्यलं. इंजिन बंद करा."

"कोनत्या विहिरीतून?"

"ते कळत नाई. पाण्यात चहूकडून येते. इंजिन बंद करा, मी बुडी मारून ऐकतो. नाईतर खाली हायेत तेवढ्या सगळ्यायले वर घ्या."

उद्धवराव म्हणाले, "मले तर काई ऐकू येऊन नाई राह्यलं. आज मोठे साहेब पाहणीले येतेत. काम बंद दिसलं तर माझी बदली अडकंल."

चंपतराव पुन्हा पाण्यात गेला. ठोके चालू होते. मग हळू झाले. मग नुसतं इंजिन.

‘मला कोणी काही सांगितलं नाही,’ असं उद्धवरावांनी बयानात लिहून दिलं. चंपतराव नोकरीच्या भीतीनं गप्प बसला. आता त्याला काढूनच टाकलंय.

हे सगळं झालं ते तुमच्या तंबूसमोर. चंपतराव निथळत ओरडत होता तेव्हा तू दारात उभी होतीस म्हणे. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "रेणुकाबाई होत्या. माह्याकडं पाहून आत गेल्या."

काल मी आईला ठोक्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तो बलावून राह्यला होता?"

तुझं नाव मी तिच्याजवळ काढलं नाही. ते तूच सांग.

येत्या सोमवारी चंपतरावाबरोबर अदिलाबादला बयान द्यायला जाते. उद्धवरावांचं नाव घेणार आहे. तू दारात होतीस हेही सांगणार आहे.

बारशाला आई येणार नाही. मीही नाही. बाळासाठी शिवलेली कुंची पाठवली आहे, तिला घाल. तिनं कोणाचं काही बिघडवलेलं नाही.

धोंडीबाची बहीण,
जयवंता