पाहुण्यांची थंडी

शुक्रवार, २ डिसेंबर १९६६

खंडेराव साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हंगामी कारकुनाला साहेब बोलावतात ते नारळ द्यायलाच. पण नाही!

"कमलाकांत, थंडीत डोंगरावर पाहुण्यांसाठी काय करता येईल?"

पाहुणे म्हणजे तारापूरच्या बांधकामावर आलेले परदेशी इंजिनियर आणि त्यांची बायकामुलं. बर्फाच्या देशातली माणसं. इथे थंडी नाही म्हणून म्हणे मडमांना करमत नाही. आम्ही पडलो ठेकेदार - खडी, सिमेंट पुरवता पुरवता आता थंडीही पुरवायची! जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आसाव्याच्या डोंगरावर 'हिवाळी मौज'. नीट पार पडली तर मी कायम. साहेबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

कायम म्हणजे क्वार्टर आणि क्वार्टर म्हणजे नळ. वत्सलाला सहावा महिना लागलाय आणि अजून कोळगावच्या त्या खोलीत विहिरीचं पाणी शेंदते. आज तिला सांगितलं तर हसली. "नळ बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही," म्हणाली.

रविवार, ४ डिसेंबर

दिवसभर पंखा लावून थंडीचा विचार केला. सुचलं ते असं - वाळलेल्या गवताच्या उतारावर झावळीवर बसून घसरायचं (बर्फ समजून). सकाळी नीरा. संध्याकाळी भली मोठी शेकोटी. आणि डोंगरातल्या लोकांचं हिवाळी जीवन, नाचासकट.

साहेब खूश. "जीवन अस्सल पाहिजे हां," म्हणाले.

रविवार, ११ डिसेंबर

अस्सल जीवन शोधायला आसाव्याच्या पाड्यावर गेलो. घामाघूम! दहाबारा झोपड्या, प्रत्येकीच्या दाराला काट्याची फांदी आडवी, माणूस नाही. शेवटच्या झोपडीत एक म्हातारी आणि चार कोंबड्या. म्हातारीचं नाव साखरबाई.

"बाकीचे कुठे गेले?"

"हिवाल्यात डोंगरावर कोन ऱ्हातं, दादा? कोनी गवताला गेला, कोनी तुमच्या कामावर हाय. पावसाला येतील."

आमच्याच कामावर! म्हणजे रोज माझ्या खिडकीखालून पाट्या वाहतात ते सगळं हिवाळी जीवनच होतं. मी त्यांच्यावरून नजर काढून डोंगराकडे बघत बसलो होतो.

सोमवार, १२ डिसेंबर

साहेबांना म्हटलं, तेवढ्या माणसांना एक दिवस सुट्टी द्या, डोंगरावर नेतो. साहेब उसळले. "डोंगरातली माणसं डोंगरावर नेली तर पाट्या कोण वाहील? मी? दुसरी आणा!"

दुसरी कुठली आणू? हिमालयातून?

गुरुवार, २९ डिसेंबर

आज बोईसरच्या बाजारात रत्नाबाई भेटली. एडवणची कोळीण, सुके बोंबील विकते, आवाज असा की मालगाडी दबून जाते. तिला गळ घातली - दहा बायका आण, डोंगरातल्या बाया म्हणून नाचा.

"नाचू की. पन आमी कोलनी हाव. डोंगरातल्या नाय बननार."

"अगं, त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नाय कलत, आमाला कलतं ना!"

शेवटी तोडगा निघाला. त्या त्यांच्याच लुगड्यात, त्यांचीच गाणी म्हणणार. डोंगरातल्या आहेत हे मी सांगणार. खोटं बोलायचं खातं माझ्याकडे. वर बोंबलाची टोपलीही बरोबर येणार, ही तिची अट.

सोमवार, १६ जानेवारी १९६७

वत्सलाला विहिरीवर चक्कर आली. घरमालकीण शेजारी होती म्हणून निभावलं. मी घाबरलो. रात्री तिचे पाय दाबले. क्वार्टर मिळालंच पाहिजे. मग डोंगरावर मला माकड होऊन नाचावं लागलं तरी चालेल.

बुधवार, २५ जानेवारी

शेकोटीच्या लाकडांची पंचाईत. वखारवाला ओली लाकडं घ्या म्हणतो. आमचा मुकादम मारुती म्हणाला, "माझ्यावर सोडा सायेब. डोंगरावरच बघतो कायतरी." सोडलं. घाटावरचा माणूस, बोलतो कमी.

शनिवार, २८ जानेवारी

साखरबाईला आजच खाली आणून गोदामात झोपायची सोय केली. आपल्याकडे अस्सल माणूस एकच - उद्या ऐन वेळी तीही गवताला गेली तर! कोंबड्यांसकट आली.

मारुतीने कमाल केली. ट्रकभर कारवीच्या काठ्या - खडखडीत वाळलेल्या, एका मापाच्या! माथ्याखालच्या सपाटीवर ढीग रचून मोकळा. पाठ थोपटली त्याची.

रविवार, २९ जानेवारी

पार पडली!! हात दुखतोय तरी सगळं लिहिणार.

साहेबांचा हुकूम - कर्मचाऱ्यांनी लोकरीचे कपडे घालावेत. आम्ही स्वेटर, मफलर, कानटोपी घालून उन्हात उभे. पाहुणे आले ते अर्ध्या चड्डीत. सकाळी सातला यायचे ते अकराला आले. तोवर नीरेला ऊन लागून तिची व्हायची ती ताडी झाली होती. पाहुण्यांनी तीनतीन पेले घेतले आणि हे पेय प्रकृतीला उत्तम आहे असं एकमताने ठरलं. दारूबंदीचं मला आठवलं, पण मी पेले भरत राहिलो.

घसरगुंडी तर अशी रंगली की पोरांना उतरवून बापेच बसायला लागले. एकाने साहेबांना बळेच झावळीवर बसवलं. साहेब "नो, नो" म्हणता म्हणता सुटले ते थेट खालच्या करवंदीच्या जाळीत! बाहेर आले तेव्हा पँटचा मागचा भाग जाळीतच राहिला होता. माझा मफलर त्यांच्या कमरेला बांधला. आज लोकरीचा उपयोग झाला तो एवढाच.

मग नाच. रत्नाबाईने होडीचं, नाखव्याचं गाणं असं काही उचललं की अख्खा डोंगर डुलला. एक मडम मला विचारते, गाण्याचा अर्थ काय? मी म्हटलं, डोंगरावरचा वारा. पुढच्या गाण्यात लाटा आल्या, तोही वाराच. म्हावरं आलं तेव्हा मात्र माझी इंग्रजी संपली. मडम म्हणाली, या लोकांचं आपल्या डोंगरावर किती प्रेम! रत्नाबाई मला म्हणाली, "काय म्हनते रं ती?" मी म्हटलं, तुझा आवाज आवडला.

साखरबाईला मधोमध खुर्चीवर बसवली होती. सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. ती आपली कोंबड्या मोजत बसलेली.

दिवस मावळताना शेकोटी पेटवली. काय पेटली! ज्वाळा माडाएवढ्या. गरम इतकं व्हायला लागलं की सगळे मागे मागे सरकत पार कड्यापर्यंत गेले. रत्नाबाईने काठीला बोंबील टोचून भाजायला दिले - बोटं चाटली पाहुण्यांनी. पाहुण्यांचा मोठा साहेब खंडेरावांचा हात धरून म्हणाला, घर सोडल्यापासून पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं. खंडेरावांनी माझ्याकडे बघून मान हलवली. झालं!

मंगळवार, ३१ जानेवारी

साखरबाई ऑफिसच्या दारात. बक्षीस मागायला आली असणार. मी कपाटामागे सरकलो आणि शिपायाला सांगितलं, मी बाहेर गेलोय म्हण. बराच वेळ पायरीवर बसून होती. मग गेली.

सोमवार, ६ फेब्रुवारी

कायम!

क्वार्टरची किल्ली हातात आली. वत्सलाने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. मग पदराने तोंड पुसत रडली. मीही रडलो, लिहायला काय लाजायचं!

बुधवार, ८ फेब्रुवारी

साहेबांना होळीला पुन्हा तीच मौज हवी. साखरबाईला सांगायला मारुतीला घेऊन पाड्यावर गेलो.

नुसते खांब आणि वर छपरं. काठ्यांच्या कुडाच्या भिंती नाहीत. एकाही झोपडीला नाहीत.

"कारवी हितलीच, सायेब," मारुती म्हणाला. "रिकामंच व्हतं की सगळं."

हे सांगायला आली होती ती, आणि मी कपाटामागे! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साखरबाई छपराखाली कोंबड्यांना दाणे टाकत होती. आम्हाला बघून उठली.

"या दादा," म्हणाली, "घरात या."

चपला कुठे काढायच्या ते मला कळेना.