दोन ब्रेकची गाडी

तीर्थस्वरूप अक्कांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो आता कागदावरच घालता येतो, गोड मानून घ्यावा.) तुमची तब्येत, तुमचा रक्तदाब आणि तुमचा माझ्यावरचा राग, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालतो. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नका, बातमी चांगलीच आहे. तुम्ही दर दोन दिवसांनी हिला फोनवर "मी येऊ का?" विचारता आणि ही दर दोन दिवसांनी "नको" म्हणते. ते "नको" माझ्याकडूनही समजावं. गाठ काढून झाली, सहा केमो ठरल्या होत्या, त्यातल्या पाच पार पडल्या, डॉक्टरीणबाई खूष आहेत. इथे सगळं माझ्या ताब्यात आहे. तुम्ही दोन गाड्या बदलून एवढ्या लांब यावं असं काहीही नाही.

ताब्यात कसं आलं ते सांगतो. (हे ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही, आणि इथल्या सगळ्यांना ऐकवून झालं आहे.) माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी एकच आणि तिला ब्रेक दोन, हे तुम्हाला माहीत आहेच. एक शिकाऊच्या पायाशी, एक माझ्या. सव्वीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबत आलो. पहिल्या केमोच्या दिवशी म्हटलं, आज शिकवणी बंद, बायकोला मी स्वतः घेऊन जाणार. आणि अक्का, सिग्नलला माझी गाडी बंद पडली. एकदा नाही, तीनदा. मागे हॉर्नचा कल्लोळ आणि टपावर माझ्याच स्कूलची पाटी. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. मी फार घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मागच्या सीटवरून ही शांतपणे म्हणाली, "अहो, क्लच सावकाश सोडा." जिने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही तिने हे मला सांगावं! पण मी सावकाश सोडला आणि गाडी निघाली.

दुसऱ्या केमोपासून मी शहाणपण केलं. सकाळी सव्वाआठची शिकवणी बंद करायची नाही, उलट शिकवणीतूनच हॉस्पिटलला जायचं. शिकाऊ चालवणार, मी माझ्या हक्काच्या जागी, ही मागे. तेव्हा माझ्याकडे दोघंच होते. एक बेकरीवाला, जो गिअरला कणीक समजून मळायचा. दुसऱ्या ग्रंथपाल बाई, ज्या रिव्हर्स टाकताना गाडीची माफी मागायच्या. जाताना ठीक असायचं, पण परतताना हिचं पोट ढवळत असे. जरा धक्का बसला की हिचा हात उलटीच्या पिशवीकडे जाई, आणि हात पिशवीपर्यंत पोहोचला की शिकाऊ त्या दिवशी नापास. सव्वीस वर्षांत मला जे शिकवायला जमलं नाही ते हिच्या पोटाने दोन आठवड्यांत शिकवलं. बेकरीवाला खड्ड्यातून गाडी अशी काढायला लागला की जणू ट्रेमध्ये पाचशे अंडी आहेत. मधल्या वारांनाही ही "जरा हवा खाऊन येते" म्हणून मागे येऊन बसायला लागली. शिकाऊ माझ्याकडे बघेनासे झाले. "बाई, आता तिसरा टाकू?" असं थेट मागे विचारायचे. मी हळूहळू सामानासारखा झालो. (तुम्हाला हे वाचून आनंद होणार, खुशाल होऊ द्या.)

हिचे केस गेले त्या आठवड्यात गाडीत कोणी बोलेना. तुम्हाला हिचा तो उंच अंबाडा आठवत असेलच, मधल्या आरशात तो एवढा यायचा की शिकाऊंना मागचा ट्रक दिसत नसे. पहिल्या वळणावर हीच म्हणाली, "चला, आता तरी मागचं स्वच्छ दिसेल तुम्हाला." बेकरीवाला हसला, मी हसलो, ही हसली. मग पुढच्या सिग्नलपर्यंत कोणीच हसलं नाही.

या पद्धतीत खोट एकच निघाली. दोघेही शिकाऊ एकच वाट शिकले. बेकरीवाल्याच्या लायसन्सच्या परीक्षेला परीक्षक शेजारी बसले आणि म्हणाले, सरळ घ्या, मग मी सांगतो. हा गडी जो सरळ निघाला, तो परीक्षकांचं एक अक्षर न ऐकता त्यांना थेट हॉस्पिटलच्या पोर्चखाली घेऊन गेला, हँडब्रेक ओढला, उतरला आणि मागचं दार अदबीने उघडून उभा राहिला. दारातली नर्स रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली, "आज बाई कुठायत?" परीक्षकांनी त्याला नापास केलं, पण कागदावर "अशी मऊ गाडी पाहिली नाही" असा शेरा मारला. तो कागद बेकरीत काचेखाली लावला आहे.

चौथ्या केमोनंतर मात्र गाडं अडलं. हिच्या पांढऱ्या पेशी घसरल्या, ताप चढला, तीन दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ही म्हणाली, "चार झाल्या, पुरे झाल्या. आता मी जाणार नाही." मी समजावलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तुमची बहीण आहे, जास्त काय सांगू. मी खाली जाऊन बंद गाडीत माझ्या सीटवर बसलो आणि बराच वेळ ब्रेक दाबून धरला. कशासाठी ते विचारू नका.

पाचवीच्या दिवशी मी केमोचा विषयच काढला नाही. सव्वाआठला ग्रंथपाल बाई आल्या आणि त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी गिअरशी झटापट सुरू केली. खिडकीतून हिचा आवाज आला, "अहो, ती बाई आरशात बघतच नाहीये!" मी म्हटलं, मी सांगून थकलो. दोन मिनिटांत ही शाल गुंडाळून खाली आली, फक्त एवढं सांगायला. मग सांगायला मागे बसली. मग बसलीच आहे तर पुढच्या चौकापर्यंत म्हणून निघालो. चौकानंतर ग्रंथपाल बाईंना दुसरी वाट येतच नव्हती. पोर्चपाशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका दमात रिव्हर्स लावली, गाडीची माफी न मागता. हिने शाल सावरली. मग दार उघडत म्हणाली, "आलोच आहोत तर घेऊन टाकते."

तर अशी सगळी घडी बसली आहे. काळजी नसावी, येण्याची तसदी घेऊ नये.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. ग्रंथपाल बाई सोमवारी पास झाल्या. बेकरीवालाही दुसऱ्या खेपेला पास झाला. त्यामुळे या घडीला माझ्याकडे एकही शिकाऊ नाही, नवे पुढच्या महिन्यात येतील. सहावी, म्हणजे शेवटची, चोवीस तारखेला सकाळी नऊला आहे. काल ही म्हणाली, "शिकवायला कोणी नाही, मग मी कशाला येऊ?" हसतच म्हणाली, पण हॉस्पिटलला जायची टोपी घडी करून कपाटात तळाशी ठेवली. मी पाहिलं.

ता. क. २. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या तिसऱ्या धड्याला गाडी भिंतीवर गेली तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो की तुम्हाला ब्रह्मदेवही शिकवू शकणार नाही. अक्का, माझ्या पायाशीही ब्रेक होता. मी समोरच्या दुकानाची नवी पाटी वाचत बसलो होतो आणि पाय उशिरा पडला. भिंत माझी होती, तुमची नव्हे. हे मी हिलाही कधी सांगितलं नाही. चुकलो.

ता. क. ३. वरचं "नको" खोडायला हवं होतं, पण पत्र परत लिहायचा धीर नाही. तुम्ही याच. बावीसला पोहोचा, म्हणजे दोन दिवस क्लचला मिळतील. सपाट चपला आणा. मी बोलावलं असं हिला सांगू नका. दारातच म्हणा, गाडी शिकायची राहून गेली होती, आणि शिकले तर तुझ्याकडूनच शिकेन.