मामांच्या शिंगातला खोकला

मक्याच्या गिरण्यांची गल्ली,
किसेन्यी, कंपाला

तीर्थरूप ओबितामामांना भाचा ओनेन याचा वाकून नमस्कार. (वाकलोय, पण लांबूनच. तुमच्या किटगुमपासून कंपालापर्यंतचं अंतर सध्या मला फार आवडतं.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामीची कंबर? तीळ झोडून झाले का? काळी शेळी व्याली असेल तर तिलाही माझा नमस्कार सांगा. मी बरा आहे. कानात पीठ, नाकात पीठ, गिरणीचा पट्टा दिवसभर डोक्यात फिरतो, एवढं सोडलं तर तक्रार नाही. हे पत्र मास्तरांकडून वाचून घेऊ नका, त्यांना माझ्या चुका दिसल्या की मजकूर दिसत नाही. मामीकडून वाचून घ्या. ती वाईट वाईट भाग गाळेल.

तर मामा, आईचा निरोप आला की तुम्ही शिंग आढ्याला टांगलंय आणि माझं नाव कुणी काढलं की उठून गोठ्यात जाता. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. मागच्या कापणीला मी आलो होतो, तेव्हा बैल दलदलीत शिरले आणि तुम्ही शिंग फुंकलंत. तेव्हा मी ते फोनवर टिपून घेतलं. विचारलं नाही, कबूल. पण भाच्यानं मामाच्या अंगणातली कोंबडी न विचारता उचलावी, हा आपल्याकडचा रिवाज आहे की नाही? मी कोंबडीही नाही उचलली, नुसता आवाज उचलला. तुमची धून तुमचीच, ती दुसऱ्यानं वाजवायची नाही, आणि ती ऐकली की तुम्ही अडचणीत आहात असं समजून कुळातल्यानं हातातलं टाकून धावायचं, हे मला तिसरीत नापास होण्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. पण मी कुठं वाजवली? कॉम्प्युटरनं वाजवली.

हा कॉम्प्युटर लुबेगाचा. आमच्या गिरणीला लागून त्याचं दुकान आहे, तिथं तो लोकांच्या फोनमध्ये गाणी भरून देतो. माणूस इथलाच, गंडा जमातीचा, त्याला आपल्या शिंगाचं काय कळणार! आम्ही दोघांनी गिरणीचा पट्टा, चाळणीची थरथर, पोत्यांची धपधप असं सगळं टिपलं, त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यामागे तुमचं शिंग लावलं. एका तुकड्यात तर तुम्ही चारशे वेळा फुंकता, मामा, न थकता. (मूळच्या टिपणीत तिसऱ्या फुंकरीनंतर तुम्ही खोकलात. लुबेगा म्हणाला, हा कचरा. कापून टाकला.) असे नऊ तुकडे झाले, त्याला आल्बम म्हणतात. नाव ठेवलं ‘मामा बोलावतोय’. बघा, तुमचंच नाव केलं.

बर्लिनच्या एका छोट्या गाण्यांच्या कंपनीच्या आंकेबाईंना तो इतका आवडला की त्यांनी इथं भर दुपारी एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. परदेशी पाहुणे डोळे मिटून बसलेले, मला वाटलं झोपले, पण तशीच पद्धत असते म्हणे. शिंग वाजलं मात्र, आणि दार धाडकन उघडून आपल्याच कुळातले दोन हमाल आत. बाहेर ट्रकमधून पोती उतरवत होते बिचारे. एकाच्या हातात दांडकं, दुसऱ्याच्या हातात ट्रकचा जॅक. “ओबिताबाबा कुठायत? कोण मारतंय म्हाताऱ्याला? पुढं ये, रांडेच्या!” असं ओरडत ते खुर्च्यांखाली तुम्हाला शोधायला लागले. पाहुणे उठून उभे राहिले आणि टाळ्या, मामा, टाळ्या! पुढं एका मासिकात छापून आलं की हरवलेल्या पित्याचा हा शोध अंगावर काटा आणणारा आहे. आंकेबाईंनी पुढच्या कार्यक्रमाला दोघांना जॅकसकट बोलावलंय. मला मात्र त्या दोघांनी गल्लीत गाठून असं धुतलं की चार दिवस पोतं उचलता आलं नाही. हे मासिकात आलेलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण लुबेगानं तो आल्बम न विचारता लोकांच्या फोनमध्ये भरायला सुरुवात केली. (न विचारता! काय माणसं असतात!) आल्बम बसबरोबर आपल्या गावी पोचला. पुढचं आईनं सांगितलं. तुम्ही कणगीचं छप्पर शाकारायला वर चढलात, शिडी घसरली, तुम्ही शिंग फुंकलंत, आणि सगळं गाव म्हणालं, “ओनेनचं गाणं लागलंय, वाजू दे.” सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत तुम्ही वर. खाली शेजारचा ओडोक म्हणे नाचून गेला. शेवटी तुम्हाला उतरवलं मामीनं, तेही जेवायला वाढल्यावर तुम्ही आला नाहीत म्हणून.

मामा, हे वाचताना मामी हसत असेल. मी हसलो नाही. (आधी थोडा हसलो.) मग डोक्यात आलं की कणगीच्या जागी साप असता, आग असती, तर? साठ वर्षं त्या धुनेवर अख्खं गाव पळत आलं आणि मी ती नऊ तुकड्यांत खर्चून टाकली. लुबेगाला मी कॉलर धरून सगळं पुसायला लावलं, पण फोनातलं गाणं पिठासारखं असतं, एकदा उडालं की कुठंकुठं जाऊन बसतं. म्हणून हात जोडतो. मला शिव्या द्या, पण शिंग खाली काढा. तुमच्या धुनेला मी जन्मात पुन्हा हात लावणार नाही.

तुमचा, अजून तरी भाचा,
ओनेन

ता. क. उपाय सापडला! आल्बममध्ये खोकला नाही. गावात सांगून ठेवा: तिसऱ्या फुंकरीनंतर खोकला आला तर ते खरे ओबिता, पळा. नाही आला तर माझं गाणं, आपापलं काम करा. म्हणजे लुबेगानं जो खोकला कचरा म्हणून कापला, त्या खोकल्यानंच तुमची धून वाचवली.

ता. क. दुसरा. हा उपाय मी कौतुकानं आंकेबाईंना सांगितला. चूक झाली. आता त्यांना नवा आल्बम हवाय, नुसत्या खोकल्याचा. मी नाही म्हटलंय. म्हणजे मामांना विचारतो म्हटलंय. यावेळी विचारतोय, हे लक्षात घ्या.

ता. क. शेवटचा. मला बदडायला येणार असाल तर सकाळच्या बसनं या. स्टँडवर उतरलात की फोन करू नका, शिंग फुंका. तिथं दर चौथ्या दुकानात माझं गाणं वाजत असतं, तरी मी गिरणी टाकून पळत येईन. फक्त खोकायला विसरू नका.