ताईची जागा

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताई परत संघात! फुटबॉलचा सराव संपल्यावर सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं — "सेमीफायनलला आपली कॅप्टन उतरणार." टाळ्या. मीही वाजवल्या. जरा जास्तच जोरात, कोणाला काही वाटायला नको म्हणून.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले होते. सहाही धड झाले नाहीत अजून! इतके दिवस मिडफिल्डमधली तिची जागा मी सांभाळली. आता मी पुन्हा बाकावर.

आई खूश. ताईच्या गालावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुलाही मिळेल गं कधीतरी."

कधीतरी!

५ फेब्रुवारी, गुरुवार

ताईचा गुडघा बरा झालेलाच नाही.

संध्याकाळी खोलीत शिरले तर ही पलंगाच्या कडेला बसलेली, नॅपकिनमध्ये बर्फ बांधून. गुडघा टम्म फुगलेला, वाटी कुठे आहे तेही कळेना. मला बघून तिने झटकन उशी ओढली त्याच्यावर.

"फिजिओबाईंना दाखवलंस?"

"सराव झाला की सुजतो थोडा. सकाळपर्यंत उतरतो. कोणाला बोललीस तर बघ!"

मग थोड्या वेळाने, आवाज खाली करून — "माझं वय बघ. या वेळी निवड समितीच्या नजरेत नाही आले, तर पुन्हा मला कोण बघणार आहे?"

नाही बोलणार म्हटलं. का म्हटलं?

८ फेब्रुवारी, रविवार

आज सरावात डोळे तिच्याच पायांवर. ताई डाव्या पायावर वळतच नाही! चेंडू डावीकडे असला तरी उजवीकडून मोठ्ठा फेरा घालून येते, गल्लीत बस वळवावी तशी. बाकीच्यांना दिसत कसं नाही? की दिसतं?

घरी जिना उतरताना कठडा धरते. आई समोर असली की सोडते.

९ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं तर काय म्हणतील ते आत्ताच ऐकू येतंय — "धाकटीला जागा हवीये." आणि खोटं थोडंच आहे? हवीच आहे मला! तीच तर गोम आहे. माहीत आहे ते मला एकटीला, आणि माझ्याच तोंडून ते कोणाला खरं वाटणार नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आईला सांगून पाहिलं. ती शिवणयंत्रावर होती, कोणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत.

"आई, ताईचा गुडघा अजून सुजतो."

मशीन थांबलं. तिने वर पाहिलं नाही. "ती म्हणाली?"

"मी पाहिलं."

"मग तिचं ती बघेल." मशीन सुरू. जरा वेळाने, पाठमोरीच — "सख्ख्या बहिणीच्या पायात पाय घालू नये गं."

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. ताई बाहेरून दार वाजवतेय — "अगं, आटप की!" तिला गरम पाणी हवं होतं. गुडघ्यासाठी.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फिजिओबाईंच्या दारापर्यंत गेले. आत त्या पट्ट्यांची भेंडोळी लावत बसल्या होत्या. "काय गं, काय हवंय?"

"कात्री."

कात्री घेऊन परत आले! उद्या सेमीफायनल.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताई पडली. कोणी धक्कासुद्धा लावला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहवेना.

पहिला हाफ संपत आला होता. चेंडू तिच्या डावीकडे आला आणि या वेळी फेरा घालायला वेळच नव्हता. ती वळली. पाय जागेवरच राहिला, ती वळली. ओरडली नाही. नुसती गवत मुठीत धरून पडून राहिली.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. तिला स्ट्रेचरवर घेत होते आणि मी जॅकेट काढत होते. बाजूने नेताना तिने डोळ्यांवर हात घेतला होता. मी आत पळाले.

आणि खेळले! चांगली खेळले, हेच तर सांगवत नाही कोणाला. जिंकलो. पोरींनी मला उचललं. कडेने खेळणारी आमची विंगर कानात म्हणाली, "तुझा तर बाई सुंठीवाचून खोकला गेला!" गंमत म्हणून म्हणाली. मी हसले. हसले मी!

दवाखान्यात डॉक्टर आईला म्हणाले, तेच लिगामेंट पुन्हा तुटलंय, आणि आता कूर्चाही गेलीय. "खेळायचं नंतर बघू. आधी जिना चढू दे."

आई व्हरांड्यात माझ्याशेजारी बसली. मग — "तू मला सांगितलं होतंस." एवढंच.

१८ फेब्रुवारी, बुधवार

रविवारी फायनल. सरांनी सगळ्यांदेखत डोक्यावर हात ठेवला — "ताईसाठी जिंकायचं. तिची जागा आता तुझी."

मान डोलावली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ताईला सगळं सांगून टाकलं. मी बोलले असते तर तू आज अशी पडून नसतीस. ती छताकडे बघत ऐकत होती.

"वेडी आहेस. मीच सरांना सांगितलं होतं. सामन्याच्या दिवशी सकाळी. म्हटलं, सर, वळता येत नाहीये, धाकटीला उतरवा."

"मग?"

"म्हणाले, समिती तुला बघायला आलीये. इंजेक्शन घे, पहिला हाफ काढ."

म्हणजे सरांना माहीत होतं! आणि मी इकडे एकटीच कुढत होते.

ताईने माझं मनगट पकडलं. "हे बाहेर बोलू नकोस. परवा तुझी फायनल आहे ना?"

पुन्हा तेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. यावेळी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सरावाआधी सगळ्यांसमोर सरांना विचारलं, ताईने तुम्हाला सांगितलं होतं ना? सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग विंगर खाली बसली, मोजा उतरवला — घोटा निळा-जांभळा! — आणि म्हणाली, "सर, मीही सांगितलं होतं."