हीटरची किल्ली

प्रिय ताई,

नमस्कार. अक्षर वाकडंतिकडं दिसलं म्हणून घाबरू नकोस. उजव्या हाताला पट्टी आहे, म्हणून डाव्याने लिहितोय. पंधरा दिवसांत हात पहिल्यासारखा होईल, असं डॉक्टर म्हणालेत. जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

कारखान्यातली आमची टाकी तीन मजले उंच आहे. वरून दुधाचे बारीक तुषार उडवतात, गरम हवेत त्यांतलं पाणी उडून जातं आणि खाली पावडर पडते. भिंतीला चिकटलेली पावडर काढायला आत उतरावं लागतं. उतरताना हीटरची किल्ली जोडीदाराकडे द्यायची, आणि त्याने दारातून हलायचं नाही.

मंगळवारी मी उतरलो. माझा जोडीदार किल्ली जागेवर लावून चहाला गेला आणि कुणीतरी हीटर सुरू केला. मी धडपडत बाहेर आलो, तेव्हा दाराची तापलेली कड हाताला लागली.

चूक कुणाकडूनही होते गं. पण साहेबांसमोर तो म्हणाला, "हा मला न सांगताच उतरला." थेंबाची पावडर व्हायला लागतो तेवढाही वेळ त्याला लागला नाही. ठपका माझ्यावर आला. खोलीत आमच्या खाटा अजून शेजारीशेजारीच आहेत.

आईला हातावर गरम दूध सांडलं एवढंच सांग.

दर पत्रात शेवटी तू माझ्या या जोडीदाराची खुशाली विचारतेस. या वेळी विचारू नकोस. त्याच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर, बाह्या झाल्या असल्या तरी, उसवून टाक. त्या लोकरीत आईच्या गुडघ्यांचे पट्टे होतील.

तुझा,
धाकटा